विचारप्रणालींची कसोटी राजूरच्या खाणीवर

राजकारणातील शब्दांची गत जुन्या नाण्यांसारखी होते. फार हातांतून फिरल्यावर त्यांच्यावरचा ठसा झिजतो आणि ते कोणत्या टांकसाळीतून निघाले हे ओळखू येईनासे होते. ‘भांडवलशाही’, ‘उदारमतवाद’, ‘समाजवाद’, ‘साम्यवाद’ या शब्दांचे आज तसेच झाले आहे. शासनाने २०२४ मध्ये लाडक्या बहिणींच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये भरण्यास सुरुवात केली, तेव्हा कोणी त्याला कल्याण म्हटले, कोणी खिरापत म्हटले, आणि कोणी ‘हा समाजवाद राज्याला बुडवील’ असे भाकीत केले. सरकारी मालकीची प्रत्येक गोष्ट समाजवादी, ठेकेदाराकडे गेलेली प्रत्येक गोष्ट सुधारणा, आणि मजुरीचा प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस साम्यवादी, अशी सोयीची वाटणी वर्तमानपत्रांतून आणि व्यासपीठांवरून रूढ झाली आहे.

ही केवळ भाषेची हेळसांड असती तर तिच्यासाठी हे पान खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु हा गोंधळ आता कायद्याच्या दारात येऊन ठेपला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. ‘कडव्या डाव्या विचारसरणी’च्या संघटनांना पायबंद घालणे हा त्याचा सांगितलेला हेतू आहे. त्याच्या आधी, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, संविधानाच्या उद्देशिकेतील ‘समाजवादी’ हा शब्द काढून टाकावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. फेटाळताना त्या शब्दाचा अर्थ मात्र कल्याणकारी राज्य असा लावला, आणि खाजगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही, असेही स्पष्ट केले. म्हणजे डावा विचार कोठे ‘कडवा’ होतो हे शासन ठरवणार आणि समाजवाद म्हणजे काय हे न्यायालय सांगणार. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या नागरिकाला या विचारप्रणालींतील भेद स्वतः उमगला नसेल, तर त्याच्या वतीने तो दुसरेच कोणी ठरवून मोकळे होतील.

हा भेद ग्रंथांतील व्याख्या पाठ करून समजत नाही. चाळीस वर्षे वर्गात अर्थशास्त्र शिकवल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, व्याख्या परीक्षेपुरत्या उपयोगी पडतात. विचारप्रणाली समजते ती एखाद्या गावाचा जमाखर्च वाचल्याने. म्हणून आम्ही येथे यवतमाळ जिल्ह्यातील राजूर हे गाव घेतो.

एक शिवार, चार अर्थव्यवस्था

वणी तालुक्यातील राजूर हे नाव त्या भागात ‘कॉलरी’ या शब्दासह उच्चारले जाते. वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळशाचा पट्टा येथून जातो. त्या कोळशासाठी इंग्रजी अमदानीतच माजरीकडून राजूरपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्याच भूभागात चुनखडीचा दगड आहे, म्हणून राजूरला चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या. सभोवती कापसाची काळी जमीन आहे. आणि या सर्वांच्या मध्ये, कोणाचेच नाव सातबाऱ्यावर नसलेल्या मजुरांची वस्ती आहे.

या एका शिवारात चार अर्थव्यवस्था नांदतात. कोळसा सार्वजनिक क्षेत्राचा, म्हणजे वेकोलिचा. चुनाभट्टी खाजगी मालकाची. शेत शेतकऱ्याचे, पण त्याच्या कापसाचा भाव कधी शासनाने, कधी व्यापाऱ्याने, कधी परदेशच्या बाजाराने ठरवलेला. चौथी अर्थव्यवस्था श्रमाची, जी या तिन्ही ठिकाणी जाते आणि तिन्ही ठिकाणी वेगळ्या दराने विकली जाते. विचारप्रणालींचा भेद पाहावयाचा असेल तर यांपैकी प्रत्येकीला पाच प्रश्न विचारावेत. मालक कोण? काय, किती आणि कोणत्या भावाने निर्माण करावयाचे हे कोण ठरवतो? वरकड कोणाच्या पदरात पडते? तोटा, धूळ आणि अपघात कोणाच्या वाट्यास येतात? आणि ठरवणारा चुकला तर त्याला दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. वस्तुतः लोकशाही समाजवादाचे सारे वेगळेपण त्याच प्रश्नात आहे.

बाजाराचा दावा

उदारमतवादी अर्थविचाराची बाजू आमच्या गोटात फार स्वस्तात निकालात काढली जाते. ते योग्य नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये जो विचार मांडला त्याचा रोख श्रीमंतांच्या बाजूचा नव्हता. राजाश्रयाने मक्तेदारी मिळवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या विरुद्ध होता. फ्रीड्रिश हायेक यांनी १९४५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात आणखी खोलवरचा मुद्दा मांडला. समाजातील ज्ञान लाखो माणसांत विखुरलेले असते, कोणतेही नियोजन मंडळ ते एका टेबलावर गोळा करू शकत नाही, आणि किंमत ही ते ज्ञान पोहोचवणारी यंत्रणा आहे. या मुद्द्याला नियोजनवाद्यांनी पुरते समाधानकारक उत्तर दिले आहे, असे प्रामाणिक अर्थशास्त्रज्ञाला म्हणता येणार नाही.

परंतु हा विचार जेव्हा खाणीत उतरतो तेव्हा काय होते? १९७३ पूर्वी देशातील दगडी कोळसा बहुतांशी खाजगी मालकांकडे होता. उथळ आणि सोपा कोळसा काढावयाचा, छताला आधार देणारे खांबही कोरून न्यावयाचे, पोकळीत वाळू भरण्याचा खर्च टाळावयाचा, आणि पट्टा संपला की खोल थरातील कोळसा कायमचा दडपून टाकून दुसरीकडे जावयाचे. या पद्धतीला खाणशास्त्रात ‘खाणीची कत्तल’ अशा अर्थाचेच नाव होते. कोळसा उद्योगासाठी नेमलेल्या वेतन मंडळाच्या १९६७ मधील शिफारशी अनेक मालकांनी पाळल्या नाहीत. येथे किंमत या यंत्रणेने चूक केली असे नव्हे. तिने आपले काम चोख केले. उद्याचा कोळसा आणि आजच्या मजुराची फुप्फुसे यांची किंमत बाजारात कोणी मांडतच नव्हते, म्हणून ती हिशेबात आली नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात नेमके हेच बजावले होते. इंग्लंडमध्ये घडलेले अर्थशास्त्राचे नियम सर्वकाळ आणि सर्व देशांस लागू पडणारे निसर्गनियम नव्हेत, हे त्यांचे प्रतिपादन होते. रानडे समाजवादी नव्हते. ते उदारमतवादीच होते. उदारमतवादाच्या आतही किती अंतर असू शकते याचा हा मराठी पुरावा आहे.

साम्यवाद आणि समाजवाद

हे दोन शब्द आज समानार्थी वापरले जातात, आणि त्याला इतिहासात थोडासा आधारही आहे. मार्क्सने १८७५ मध्ये गोथा येथील कार्यक्रमावर टीका करताना भांडवलशाहीनंतरच्या समाजाच्या दोन अवस्था कल्पिल्या. पहिलीत ज्याला त्याला श्रमाप्रमाणे, दुसरीत गरजेप्रमाणे. पुढे लेनिनने पहिल्या अवस्थेस समाजवाद आणि दुसरीस साम्यवाद असे नाव दिले. या अर्थाने समाजवाद हा साम्यवादाच्या वाटेवरील मुक्काम ठरतो. परंतु विसाव्या शतकात हे दोन शब्द दोन वेगळ्या वाटांची नावे झाली, आणि त्या वाटा ध्येयावरून नव्हे तर साधनावरून फुटल्या.

मार्क्सचे मूळ निदान दोघांनाही मान्य आहे. मजूर जेवढे मूल्य निर्माण करतो त्याहून कमी त्याच्या हाती पडते, आणि ती तफावत उत्पादनसाधनांच्या मालकीमुळे संभवते. भट्टीत दगड भरणाऱ्या मजुराला हे सांगण्यास ‘भांडवल’ ग्रंथाचे खंड उघडावे लागत नाहीत. मतभेद पुढे आहे. १९१७ नंतरच्या रशियात मालकी नाहीशी झाली, पण तिच्याबरोबर विरोधी पक्ष, स्वतंत्र कामगार संघटना आणि स्वतंत्र वृत्तपत्रेही नाहीशी झाली. पाचवा प्रश्न विचारण्याची सोयच उरली नाही. खाजगी मालकाविरुद्ध मजुराला निदान संप करता येत होता. मालक आणि राज्य एक झाल्यावर संप हा राजद्रोह ठरला. आपल्याकडे नाशिकच्या तुरुंगात ज्या तरुणांच्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकारास आला, त्यांना मार्क्स मान्य होता. परंतु स्टॅलिनच्या राजवटीचे अनुभव कळत गेले तसतसे अच्युतराव पटवर्धन, जयप्रकाश, लोहिया, एस. एम. जोशी हे सारे, प्रत्येक जण आपापल्या वाटेने, एकाच निष्कर्षाला आले की स्वातंत्र्य गहाण टाकून आणलेली समता टिकत नाही.

येथेच एक सावधगिरी बाळगावयास हवी. साम्यवादी म्हणजे हुकूमशाहीवादी असे सरसकट म्हणणे हाही अन्याय आहे. १९५७ मध्ये केरळात साम्यवादी पक्ष मतपेटीतून सत्तेवर आला, त्याने जमीनसुधारणा हाती घेतल्या, आणि १९५९ मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले तेव्हा घटनाबाह्य वर्तन कोणाचे होते हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. उलट १९६७ च्या नक्षलबारीनंतर जो प्रवाह निघाला त्याने मतपेटीच नाकारली. त्याची किंमत शेजारच्या गडचिरोलीतील आदिवासी दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये उभा राहून मोजत आला. निवडणूक लढवणारा साम्यवादी, बंदूक उचलणारा माओवादी आणि सत्याग्रह करणारा समाजवादी हे तिघेही मालकीचा प्रश्न विचारतात, एवढ्यावरून त्यांना एका दावणीला बांधणे म्हणजे अज्ञान आहे. आणि कायद्याने तसे करणे म्हणजे अज्ञानाला शस्त्र देणे आहे. हिंसक कृत्याला शिक्षा हवी. तिच्यासाठी कृत्याची व्याख्या पुरेशी असते, विचाराची लागत नाही.

सरकारी मालकी म्हणजे समाजवाद नव्हे

आता दुसऱ्या गैरसमजाकडे वळू. राजूरपासून वर्धा नदी ओलांडली की वरोरा आहे. तेथील कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार स्वतः चालवीत असे. ती १९०६ मध्ये बंद झाली. मालक सरकार होते, म्हणून व्हाइसरॉय समाजवादी होता असे कोणी म्हणणार नाही. त्याच काळात जर्मनीत बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवादी संघटनांवर बंदीचा कायदा आणला आणि १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा सुरू केला. एका हाताने लाभ द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने संघटना करण्याचा हक्क काढून घ्यावयाचा, या राजनीतीचे ते अभिजात उदाहरण आहे. खात्यात पैसे भरणारे आणि जनसुरक्षेचा कायदा करणारे आपले शासन बिस्मार्कच्या पुढे गेलेले नाही, एवढेच आम्ही येथे नोंदवतो. लाभार्थी होणे आणि हक्कदार होणे यांत जो फरक आहे, तोच दयाळू राज्य आणि समाजवादी समाज यांतला फरक आहे.

याउलट स्वीडनमध्ये सामाजिक लोकशाही पक्षाने अनेक दशके राज्य केले, आणि तेथील बहुतेक कारखाने खाजगीच राहिले. जबर कर, बलाढ्य कामगार संघटना आणि सर्वांसाठी शिक्षण व आरोग्य यांच्या बळावर त्यांनी विषमता कमी केली. सरकारी मालकी असून समाजवाद नाही, आणि खाजगी मालकी असून समतेकडे वाटचाल आहे, अशी दोन्ही उदाहरणे इतिहासात आहेत. म्हणून पहिल्या प्रश्नावर थांबून चालत नाही.

राजूरला हे कसे दिसते? १९७३ च्या जानेवारीअखेर दगडी कोळशाच्या सातशेहून अधिक खाणींचे व्यवस्थापन केंद्राने ताब्यात घेतले, आणि १ मे १९७३ पासून त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. मंत्री होते मोहन कुमारमंगलम, जे स्वतः साम्यवादी चळवळीतून आले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस विमान अपघातात ते गेले. पुढे १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि वर्धा खोऱ्यातील खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, आपल्या बोलीतील वेकोलिच्या, कारभारात आल्या. राष्ट्रीयीकरणाने जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. देशपातळीवरचा वेतनकरार, राहण्यास क्वार्टर, दवाखाना, भविष्यनिर्वाह निधी, आणि मुख्य म्हणजे मुनिमाच्या शिवीपासून सुटका. वणी भागात खाणकामगाराच्या मुलाने महाविद्यालयाची पायरी चढली ती या करारांच्या जोरावर.

पण दुसरा आणि पाचवा प्रश्न विचारा. निर्णय कोण घेतो? पूर्वी मालकाच्या कचेरीत होत असे, आता नागपूर, कोलकाता आणि दिल्ली येथे होतो. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द घातला, आणि त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ४३-क जोडून व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे आश्वासन दिले. शब्द गाजला, अनुच्छेद विस्मरणात गेला. खाण कोठे खोदावयाची, किती खोल, माती कोठे टाकावयाची, यांत राजूरच्या कामगाराचे मत कधी विचारले गेले नाही. आणि ज्याच्या शेतावर खाण आली त्या शेतकऱ्याचे तर नाहीच. कारण त्याची जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने संपादन होत आली, ज्यात संमतीला स्थान नाही. भरपाई आणि नोकरी यांसाठी प्रकल्पग्रस्ताने उपोषणाला बसावयाचे, आणि ज्या राज्याकडे दाद मागावयाची तेच राज्य खाणीचे मालक, अशी ही कोंडी आहे. या व्यवस्थेला अर्थशास्त्रात राज्य-भांडवलशाही म्हणतात. ती खाजगी भांडवलशाहीहून सौम्य असेल. पण ती समाजवाद नव्हे.

आंबेडकर आणि कुमारप्पा

राज्याची मालकी आणि नागरिकाचे स्वातंत्र्य यांची सांगड कशी घालावी, याचा सर्वांत काटेकोर विचार आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद असताना त्यांनी १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या खाणी पाहिल्या होत्या, आणि १९४४ च्या आरंभी कोळसा कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती ही राज्याच्या मालकीची असावीत असे सुचवले. ही व्यवस्था घटनेतच लिहावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या बहुमताच्या लहरीवर ती अवलंबून राहणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. आणि तिच्या जोडीला संसदीय लोकशाही व मूलभूत हक्क अबाधित राहावेत, हाही तितकाच. साम्यवादाचे ध्येय घेऊन हुकूमशाही वगळण्याचा हा प्रयत्न होता. घटनेने तो स्वीकारला नाही. संपत्तीच्या न्याय्य वाटपाची कल्पना अनुच्छेद ३९ (ख) मध्ये, निदेशक तत्त्व म्हणून, उरली. त्या अनुच्छेदाच्या व्याप्तीवरही ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मर्यादा घातली. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संपत्ती ठरत नाही, असे सांगताना कोळशाशी संबंधित असलेल्या १९८२ च्या संजीव कोक निकालातील व्यापक अर्थ पीठाने अमान्य केला. राजूरच्या मातीतला प्रश्न दिल्लीच्या न्यायासनापर्यंत असा पोहोचलेला आहे.

दुसरी बाजू वर्ध्याची. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास आले. त्यांचे अर्थतज्ज्ञ सहकारी जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाचे शास्त्र रचीत होते. १९४५ च्या ‘स्थायी समाजव्यवस्थे’च्या मांडणीत त्यांनी साठ्यावर जगणारी आणि प्रवाहावर जगणारी असे अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार केले. कोळसा हा साठा. ऊन, पाऊस, बैल आणि माणसाचे हात हे प्रवाह. साठ्यावर जगणारी व्यवस्था हिंसेकडे जाते, कारण साठा संपणारा असतो आणि त्यासाठी झुंज लागते. त्या काळी मार्क्सवाद्यांनी आणि उद्योगवाद्यांनी मिळून याची थट्टा केली. आज हवामानबदलाच्या परिषदांतून कोळशाला निरोप देण्याच्या तारखा ठरवल्या जातात, तेव्हा थट्टा करणाऱ्यांपेक्षा कुमारप्पा अधिक दूरवर पाहत होते हे मान्य करावे लागते. लोहियांनी १९५२ मध्ये पंचमढीच्या भाषणात हाच धागा समाजवादात आणला. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोघांनीही एकच अवजड, केंद्रित यंत्रविद्या गृहीत धरलेली आहे, आणि दोनतृतीयांश जगाला ती परवडणारी नाही, हे त्यांचे म्हणणे होते. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत मांडलेला एकात्म मानववादही दोन्ही पाश्चात्त्य प्रणाली नाकारतो. परंतु समाज हा एकजीव देह मानल्यामुळे त्याच्या अवयवांतील भांडणाला, म्हणजे मालक-मजूर किंवा सवर्ण-दलित या संघर्षाला, त्यात पुरेशी जागा उरत नाही. लोहियांनी जातीला जसा थेट हात घातला तसा तेथे आढळत नाही.

कापसाचा धडा

आमच्या बाजूने एक अवघड हिशेब द्यावयाचा राहतो, तो कापसाचा. महाराष्ट्राने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली. मुख्यमंत्री होते याच जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक. व्यापाऱ्याच्या काट्यापासून आणि हंगामातील पडत्या भावापासून शेतकऱ्याला सोडवणे हा हेतू निर्विवाद चांगला होता, आणि काही वर्षे त्याचा आधारही मिळाला. परंतु एकच ग्राहक म्हणजे एकच दार. चुकारे लांबले, प्रतवारीत हात ओले करण्याची सोय झाली, तोटा शासनाच्या हमीवर ढकलला गेला. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी साम्यवादी देशांतील कारखान्यांविषयी जे निदान केले, की तोटा दुसरा कोणी भरणार हे ठाऊक असले म्हणजे शिस्त सुटते, ते आमच्या जिनिंगच्या आवारातही लागू पडले. आणि राज्याबाहेर कापूस नेण्यास बंदी असल्याने, पलीकडे आदिलाबादला चांगला भाव असला तरी वणीच्या शेतकऱ्याने तो दुरूनच पाहावयाचा होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकात या भागात जे रान उठवले ते केवळ भांडवलदारांच्या चिथावणीने नव्हते. त्यात शेतकऱ्याचा स्वतःचा अनुभव होता. त्यांचे उत्तर खुला बाजार हे होते.

२००२ मध्ये एकाधिकार संपला आणि खाजगी व्यापाऱ्याला दार उघडले. मग समृद्धी आली काय? २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर करावी लागली. त्यांत यवतमाळ होता. एकाच ग्राहकाच्या जागी अनेक ग्राहक आले, पण महागडे बियाणे, सावकाराचे व्याज आणि अमेरिकेतील अनुदानित कापूस यांच्याशी सामना करण्याचे बळ शेतकऱ्याला कोणी दिले नाही. एकाधिकाराने शेतकऱ्याला विचारले नव्हते. बाजारानेही विचारले नाही. या दोहोंमधील तिसरी वाट, म्हणजे उत्पादकांनी स्वतः चालवलेला सहकार, धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी उसात घालून दिली होती. पाण्याच्या भरवशावर ती तिकडे रुजली, पुढे तिच्यात घराणेशाहीचे तणही माजले. कोरडवाहू कापसात ती धड रुजलीच नाही.

आज काय पणाला लागले आहे

कोळशाचा कायदाही बदलला आहे. १९९३ मध्ये वीजकंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी खाणी देण्यास वाट मोकळी झाली. त्या वाटपातील गैरव्यवहारांमुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २०४ खाणपट्टे रद्द केले. २०१५ च्या कायद्याने लिलाव आले, २०१८ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा मूळ कायदा पुस्तकातून काढून टाकला गेला, आणि २०२० च्या जूनपासून व्यापारी विक्रीसाठी खाजगी खाणींचे लिलाव सुरू झाले. १९७३ चे वर्तुळ उलटे फिरले.

पण मालक बदलण्याआधीच खाणीच्या आत दुसरा बदल झालेला होता. खुल्या खाणीतील माती उचलण्याचे आणि कोळसा वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणात ठेकेदारांकडे गेले. २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या वेतनकरारात कायम कामगाराला किमान लाभाची १९ टक्के वाढ मिळाली. त्याच धुळीत, तेवढेच तास उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या मजुराला तो करार लागू नाही. कायम कामगारांच्या संघटना आपल्या करारापुरत्या लढतात आणि ठेकेदारीवरचा मजूर गावातल्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर अवलंबून राहतो. हा समाजवादी चळवळीचाही पराभव आहे, आणि तो सरकारी मालकीच्या छपराखाली झालेला आहे. शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ पासून दल्ली-राजहराच्या लोहखाणींत ठेकेदारीच्या मजुरांचीच संघटना बांधली, १९८३ मध्ये त्या मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून रुग्णालय उभे केले, आणि यंत्रे किती आणावीत यावर व्यवस्थापनाशी वाद घातला. मालकी सरकारची होती. पण दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क मजुरांनी स्वतःकडे ओढून घेतला होता. लोकशाही समाजवाद तेथे कायद्याच्या पुस्तकाबाहेर दिसला.

राजूरसारख्या गावासाठी आमच्या मागण्या याच विचारातून येतात. समान कामाला समान वेतन, मग नोकरी कंपनीची असो की ठेकेदाराची. जमीन संपादनाला ग्रामसभेची संमती, खाण सरकारी असो की खाजगी. २०१५ च्या दुरुस्तीने निर्माण झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा यवतमाळच्या कचेरीत नव्हे तर बाधित गावाच्या सभेत ठरून खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब चावडीवर लागावा. आणि कोळसा संपणार आहे हे धरून, भूमिगत खाण मिटल्यावर आणि खुली खाण पाण्याने भरल्यावर तेथील माणसे कशावर जगतील याचा आराखडा आजच, त्यांच्याशी बोलून, तयार व्हावा. यांतली पहिली मागणी मार्क्सच्या निदानातून येते, दुसरी उदारमतवाद्यांच्या मालमत्ता-हक्कातून, तिसरी लोहियांच्या विकेंद्रीकरणातून आणि चौथी कुमारप्पांच्या इशाऱ्यातून. या चारही मागण्यांना नागरिकाच्या हक्काचे आणि दाद मागण्याच्या अधिकाराचे अधिष्ठान आंबेडकरांनी दिलेले आहे. विचारप्रणालींतील भेद समजून घेणे म्हणजे एका झेंड्याशिवाय इतरांकडे पाठ फिरवणे नव्हे; कोणती गोष्ट कोणाकडून घ्यावयाची आणि कोठे नाही म्हणावयाचे, हे कळणे होय.

जवळच्या निवडणुकीत, मग ती ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, उमेदवार दारात येतील आणि स्वतःला विकासवादी, राष्ट्रवादी, समाजवादी किंवा आणखी काही म्हणवतील. त्यांना नाव विचारू नका. खाण कोणाची, भाव कोणी ठरवावा, नफा कोठे जावा, धूळ कोणाच्या घरावर पडावी आणि तुम्ही चुकलात तर तुम्हाला आम्ही कसे हटवावे, हे पाच प्रश्न विचारा. आमच्या पक्षाचा उमेदवार आला तर त्यालाही हेच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू देऊ नका.